रावबहादूर धुरंधर आणि आमच्या सोप्यातली तसबीर

यंदाच्या स्मरणिकेत कोणाचे तरी चरित्र मी लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले, तेव्हा थोर स्त्रियांची नावे आधीच वाटून झाली होती. सावित्रीबाई, रमाबाई, आनंदीबाई ह्यांच्यावर लिहिण्याचे इतर भगिनींनी पत्करले होते. मग मीच सुचविले की मी एका पुरुषाविषयी लिहीन; मात्र ह्या पुरुषाने जन्मभर तुमच्या-आमच्यासारख्या बायकांची चित्रे काढली आहेत, तेव्हा महिला मंडळाच्या अंकात तो परका ठरू नये.

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर हे त्यांचे नाव. जन्म आपल्या कोल्हापुरातला. आज त्यांची चित्रे मुंबईच्या लिलावात लाखांच्या बोलीला जातात, पण आपल्याकडच्या किती घरांतून त्यांचे नाव निघते? मलाही ते २०१८ सालापर्यंत नुसते ऐकून ठाऊक होते. नीट ठाऊक झाले ते आमच्या घरच्या एका तसबिरीमुळे, म्हणून आधी तिची हकिगत सांगते.

आमच्या जुन्या घराच्या सोप्यात माझ्या आजेसासूबाईंचे तैलचित्र होते. घरात सगळे त्यांना मोठ्या आई म्हणत. हिरवे नऊवारी लुगडे, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, नाकात नथ, गळ्यात ठुशी आणि साज, हात मांडीवर. खालच्या कोपऱ्यात इंग्रजी सही होती, पण तिच्यातला एक डी तेवढा लागे. घर उतरवून नवे बांधायचे निघाले तेव्हा थोरल्या पुतण्याने तसबीर मुंबईला लिलावात द्यावी असे काढले. डी म्हणजे धुरंधरच, असा निकालही त्याने देऊन टाकला. माझ्या धाकट्या जाऊबाईंना ते मुळीच रुचले नाही. घरातली लक्ष्मी बाजारात मांडायची का, म्हणून त्या दोन दिवस माझ्याशीही धड बोलल्या नाहीत. मी मध्ये सापडले. पैशाची गरज होती, हे मी येथे लपवीत नाही.

लिलाववाल्यांकडून एक जाडजूड रंगीत पुस्तक आले आणि भरून द्यायचा कागद आला. चित्रकार कोण, साल कोणते, लांबीरुंदी किती, चित्र घरात कसे आले, हे ठीक होते. त्याखाली विचारले होते, चित्र कोणाचे आहे. आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. मोठ्या आई हे काही नाव नव्हे. सासरी बदलून ठेवलेले नाव नवऱ्याखेरीज कोणी घेतलेले नाही आणि माहेरचे नाव सांगणारे माणूस उरलेले नाही. ज्यांच्या हातचे माझ्या सासऱ्यांनी खाल्ले, त्यांचे नाव त्यांच्या तिसऱ्या पिढीला ठाऊक नाही! ते पुस्तक चाळले तर त्यातही तीच तऱ्हा. चित्र काढणाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत, आणि चित्रातल्या बाईची ओळख एवढीच की एक स्त्री, एक मराठी स्त्री, दागिने ल्यालेली स्त्री. त्या दिवसापासून धुरंधर कोण होते ते मी शोधू लागले.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, पाठारे प्रभू घराण्यातला. शाळा कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलातली. जानेवारी १८९० मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. वय बावीस पुरे होऊन तेविसाव्यात. ही शाळा १८५७ साली निघालेली. तेथे त्या वेळी ग्रिफिथ्स नावाचे साहेब मुख्य होते. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला आपल्या विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणारे ते हेच. ह्या शाळेतली रीत विलायती होती. आधी प्लास्टरचे पुतळे पुढे ठेवून रेखन, मग छायाप्रकाश, मग जिवंत माणूस समोर बसवून त्याचे चित्र. तैलरंग, कॅनव्हास, जवसाचे तेल हे सगळे तिकडचेच. धुरंधर ही विद्या झपाट्याने शिकले. मला कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टीचे. विद्या साहेबाची घेऊन त्यांनी चितारले ते आपले घर.

मुंबईची आर्ट सोसायटी १८८८ साली स्थापन झाली होती आणि तिचे प्रदर्शन म्हणजे चित्रकारांची मोठी परीक्षा. धुरंधरांनी विद्यार्थी असतानाच तेथे बक्षीस मिळविले, आणि त्या चित्राचा विषय काय, तर घरकाम. पुढे १८९५ साली त्यांना सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, ते लक्ष्मी, आलीस का अशा अर्थाचे नाव असलेल्या चित्राला. हे नाव वाचताच तुम्हां सर्वांना गौरी आणण्याचा दिवस आठवेल. उंबऱ्यावर उभे राहून आपण हेच विचारतो ना? त्या काळी पदके मिळत ती साहेब-मडमांच्या तसबिरींना, डोंगर-दऱ्यांच्या देखाव्यांना, पुराणातल्या प्रसंगांना. परीक्षकही बहुतेक गोरे. अशा ठिकाणी तिशीही न गाठलेल्या ह्या तरुणाने घरातल्या बाईचे बोलणे हेच चित्राचे नाव केले आणि पदक घेऊन आला.

१८९६ मध्ये ते त्याच शाळेत शिक्षक झाले. त्याच वर्षी मुंबईत प्लेग शिरला. माणसे गावे सोडून रानात राहिली, घराघरांतून मृत्यू झाले. धुरंधरांच्या प्रथम पत्नी बापूबाई त्या साथीत गेल्या. संसाराला थोडीच वर्षे झाली होती. पुढे त्यांचा दुसरा विवाह गंगूबाईंशी झाला. चरित्र लिहिणारे हा भाग दोन ओळींत आटोपतात आणि पुन्हा पदके मोजू लागतात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. ज्याचे चित्रातले सगळे जग स्वयंपाकघर, तुळशीवृंदावन, पाण्याची घागर ह्यांच्याभोवती फिरते, त्याच्या घरातली ती जागाच रिकामी झाली. त्यानंतरही त्यांनी विषय बदलला नाही. उलट पुढची चाळीस वर्षे ते बायकाच चितारीत राहिले.

ह्या चाळीस वर्षांत त्यांनी केलेले काम पाहिले की छाती दडपते. तैलरंगात मोठमोठी पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रे, शिवछत्रपतींच्या आयुष्यातले प्रसंग, संस्थानिकांच्या व शेठसावकारांच्या तसबिरी हे तर झालेच. शिवाय जलरंग, पुस्तकांतली चित्रे, जाहिराती आणि टपालाची चित्रकार्डे. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्यांची कार्डे छापून निघत आणि पैशा-दोन पैशांत मुंबईची कोळीण, बाजारातली भाजीवाली, ट्रामच्या मागे धावणारा कारकून घरोघर पोचे. मोठ्या चित्रकाराने अशी फुटकळ कामे करावीत का, असे नाक मुरडणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला त्यांचे पटत नाही. राजवाड्यातली तसबीर दहा माणसे पाहतात. कार्ड मात्र पोस्टमन दारात आणून देतो.

आपल्या दृष्टीने त्यांची दोन पुस्तके फार महत्त्वाची. एक निघाले १९१४ साली. किंकेड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या वारांच्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या आणि त्यांना चित्रे काढली धुरंधरांनी. आदितवारची कहाणी, सोमवारची कहाणी, श्रावणात पाटावर बसून हातात अक्षता घेऊन आपण ज्या ऐकतो त्याच. विलायतेतल्या मुलांनी आपली आटपाट नगरातली राणी पाहिली ती धुरंधरांच्या हातची, आणि तिला लुगडे नीट नेसवलेले होते! ह्याचे मला केवढे समाधान वाटते ते तुम्हांला कळेल. आजही पुष्कळ चित्रकार नऊवारीचा काष्टा काढतात तो पाहून हसू येते. कोठून निघाला आणि कोठे गेला ह्याचा पत्ताच नसतो.

दुसरे पुस्तक १९२० चे. रॉथफील्ड नावाच्या साहेबाने हिंदुस्थानातल्या स्त्रियांवर लिहिले आणि त्यात धुरंधरांची अठ्ठेचाळीस रंगीत चित्रे आहेत. प्रांतोप्रांतीच्या, जातिजातींच्या बायका. कोणी पाणी भरते आहे, कोणी देवळात निघाली आहे. ह्या चित्रांतली वस्त्रे पाहावी! आपले गाव मागांचे. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली येथे पहिला यंत्रमाग आणल्यापासून खडखडाट थांबलेला नाही, तेव्हा काठ-पदराची पारख इचलकरंजीच्या बाईला शिकवावी लागत नाही. सुती लुगड्याची घडी कशी ताठ उभी राहते आणि रेशमाची कशी ओघळते, हा भेद ह्या माणसाने नुसत्या कुंचल्याने दाखविला आहे. काठ कोठे दुमडतो, निरीत तो किती वेळा दिसतो, हे मी बोट ठेवून मोजले. चुकलेले मला एकही सापडले नाही.

परंतु एक गोष्ट खुपतेच. पुस्तक साहेबाचे, तेव्हा त्यात बायका मांडल्या आहेत त्या पेटीतल्या फुलपाखरांसारख्या. ही ह्या जातीची, ती त्या प्रांतातली. नाव एकीचेही नाही. धुरंधरांपुढे त्यांतल्या काहीजणी खरोखर बसल्या किंवा उभ्या राहिल्या असतील. त्यांचे चेहरे इतके वेगवेगळे आहेत की ते नुसते मनाने काढले असे वाटत नाही. त्या कोण होत्या? आमच्या मोठ्या आईंचीच जात ही सगळी.

२०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. पुतण्या मला मुद्दाम घेऊन गेला. माझ्या मनात सहीचा शोध होता, तो त्याच्याही मनात होता. तेथे मोठ्या चित्रांपेक्षा मी रमले ती लहान कागदांपुढे. हा मनुष्य हातात पेन्सिल घेतल्यावाचून बसत नसावा. बाजारात जाताना, गाडीत, घरी, जे दिसेल ते कागदावर उतरवायचे, आणि खाली सही व तारीख. सही स्वच्छ, पुरी, वाचता येईल अशी. आमच्या तसबिरीवरची गिचमिड आठवली आणि मी पुतण्याकडे पाहिले. तो दुसरीकडेच पाहत होता.

ह्या तारखा घालण्याच्या सवयीचे महत्त्व कळायचे असेल तर कोल्हापूरच्याच अबालाल रहिमान ह्यांची गोष्ट आठवावी. तेही जे. जे. मध्ये शिकले, पण कोल्हापुरी परतले आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. १९२२ साली महाराज गेल्यावर त्यांनी दुःखाने आपली चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात सोडून दिली, अशी कथा कोल्हापुरात सांगतात. आज त्यांचे थोडेच काम पाहायला मिळते. एकाने जपून ठेवले, दुसऱ्याने पाण्यात सोडले. दोघांतला मोठा कोण, हे मी ठरवीत नाही, पण चरित्र लिहिणाऱ्या बाईला पहिला सोयीचा, एवढे खरे.

शाळेत धुरंधर पायरीपायरीने चढत गेले. साहेब येत, साहेब जात; धुरंधर तेथेच. १९२७ साली सरकारने रावबहादूर ही पदवी दिली. नवी दिल्ली बांधली जात होती तेव्हा तेथल्या सचिवालयातील कायदेमंत्र्यांच्या दालनासाठी न्यायदानाचे प्रसंग त्यांनी रंगविले. १९३० मध्ये काही काळ ते शाळेचे प्रभारी संचालकही झाले, आणि ३१ जानेवारी १९३१ रोजी निवृत्त झाले. ज्या दारातून विद्यार्थी म्हणून आत गेले त्याच दारातून एकेचाळीस वर्षांनी बाहेर पडले. ह्या काळाच्या आठवणी त्यांनी लिहून काढल्या. कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे हे त्यांचे पुस्तक १९४० साली निघाले. त्या काळच्या कलाशाळेविषयी मराठीत एवढे दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आणि आता जे मला सर्वांत आधी सांगायचे होते ते. रावबहादुरांनी आपली विद्या मुलीला दिली. अंबिका ह्यांचा जन्म १९१२ चा. ज्या काळात मुलीला सहावी-सातवीनंतर घरी बसवीत, त्या काळात त्या जे. जे. मध्ये शिकल्या आणि १९३१ साली, म्हणजे वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, त्यांनी तेथली पदविका मिळविली. स्वतः चित्रकार म्हणून नाव केले. १ जून १९४४ रोजी रावबहादूर वारले. त्यानंतर त्यांची चित्रे, कागद, वह्या अंबिकाबाईंनी सांभाळल्या, आणि त्या २००९ पर्यंत होत्या. पासष्ट वर्षे! प्रदर्शनात मी जे तारखांसकट पाहिले ते आपोआप राहिलेले नव्हते. दरसाल पावसाळ्याआधी कोणीतरी ते उघडून, झटकून, पुन्हा गुंडाळून ठेवल्याशिवाय मुंबईच्या हवेत कागद टिकत नाही, हे घर चालविणारी कोणतीही बाई सांगेल.

आपल्यापैकी पुष्कळजणी मंडळाच्या सहलीत औंधला गेल्या आहेत. यमाईच्या डोंगरावरचे ते संग्रहालय पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उघडले. तेथे रविवर्म्यांच्या चित्रांपुढे आपली गर्दी झाली होती. त्याच संग्रहालयात धुरंधरांचीही चित्रे आहेत. पुढच्या वेळी ती जरूर पाहावी. बस सुटायची घाई करू नये.

आता लिलावाविषयी, कारण ते विचारणाऱ्या पुष्कळ भेटतात. ज्यांच्या घरी जुनी चित्रे आहेत त्यांना कायदा ठाऊक असावा. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुने चित्र देशाबाहेर पाठविता येत नाही. देशात विकता येते. रविवर्म्यांसारख्या मोजक्या चित्रकारांची चित्रे तर वय कितीही असो, बाहेर जाऊ शकत नाहीत. त्या रविवर्म्यांच्या यशोदा-कृष्णाच्या चित्राला २०२३ साली मुंबईच्या लिलावात अडतीस कोटी रुपये आले. असे आकडे ऐकून घरोघर माळे धुंडाळले जातात. परंतु हातोडा पडतो तो सही, साल आणि चित्र कोठून कोठे गेले ह्याचा पुरावा पाहून. नकली सह्याही बाजारात आहेत. आणि हो, तसबीर ओल्या फडक्याने पुसू नये. आम्ही दर दिवाळीला मोठ्या आईंच्या तसबिरीला चकाकी यावी म्हणून खोबरेल लावीत असू. त्याच्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसून चेहऱ्याचा अर्धा भाग काळवंडला. ते माझ्याच हातचे पुण्यकर्म.

आमच्या तसबिरीचा निकाल मुंबईच्या जाणकारांनी दिला. चित्र धुरंधरांचे नव्हे. गावोगाव फिरून वाड्यांतून, पेढ्यांतून तसबिरी करून देणाऱ्या कोणा चित्रकाराचे असावे; चेहरा बहुधा फोटोवरून आणि दागिने समोर ठेवून काढलेले. हात चांगला आहे म्हणाले. सांगितलेली किंमत एवढी थोडी होती की नव्या घराच्या दोन खिडक्याही तीत बसल्या नसत्या. पुतण्या खट्टू झाला, जाऊबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला काय वाटले ते सांगणे कठीण आहे. पैसे गेल्याचे वाईट वाटले, आणि तसबीर राहिली म्हणून रात्री झोप बरी लागली, दोन्ही खरे.

नाव मात्र सापडले. घर उतरविताना माळ्यावरून भांडी काढली, त्यांत एक पितळी तपेले होते. चिंचेने घासल्यावर काठावर अक्षरे उमटली. रुखवताचे भांडे, लग्नाचे साल, वडिलांचे नाव, गाव, आणि मुलीचे नाव. लिलाववाल्यांच्या कागदावरची जी रेघ आम्ही मोकळी सोडली होती ती कासाराने ठोकून ठेवलेल्या अक्षरांनी भरली. ते नाव घरचे आहे म्हणून येथे छापीत नाही. एका जाड कागदावर स्वच्छ लिहून तो चौकटीच्या मागच्या फळीला लावला आहे. कॅनव्हासवर लिहू नये, शाई पुढे उमटते.

मंडळाच्या कपाटात आता ह्यासाठी एक वही केली आहे. घरी जुनी तसबीर किंवा फोटो असेल तर चित्रातल्या बाईचे सासरचे नाव, माहेरचे नाव, गाव आणि सांगणाऱ्याचे नाव एवढे तीत लिहायचे. आजवर चौदा नोंदी झाल्या. त्यांतल्या पाच ठिकाणी माहेरच्या नावाची जागा मोकळी आहे. ज्यांच्या सासूबाई, आत्याबाई अजून आहेत त्यांनी ह्या दिवाळीत विचारून घ्यावे. वही दर शुक्रवारी चार ते सहा उघडी असते.